रस्त्याकडेचा वीरगळ: हेरायचा कसा, वाचायचा कसा आणि कॅमेऱ्यात आणायचा कसा

गावात शिरताना मारुतीचं देऊळ लागतं. पाराला टेकून तीन-चार कोरीव दगड उभे असतात. एकाला शेंदूर फासलेला, एक कंबरेपर्यंत मातीत गेलेला, एकाच्या डोक्यावर कुणीतरी सदरा वाळत घातलेला. एसटी मिनिटभर थांबते, माणसं चढतात-उतरतात, एसटी पुढे जाते. महाराष्ट्रात थोडंफार फिरलेल्या कुणाच्याही नजरेखालून असे दगड कितीतरी वेळा गेलेले असतात. त्यातले बरेचसे वीरगळ असतात, म्हणजे लढताना मेलेल्या माणसांची स्मारकं. कित्येक सात-आठशे वर्षांपूर्वीचे, आणि बहुतेकांवर नाव नाही.

मी कॅमेरा घेऊन हे दगड शोधायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं एकच चूक करत राहिलो. दगड दिसला की जवळ जायचं, चौकट भरून फोटो काढायचा, निघायचं. शंभरेक दगडांचे फोटो जमले. मग भीमेच्या खोऱ्यातल्या एका गावी पुन्हा जाणं झालं. मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता. ओढ्याच्या उतारावरचे तीन वीरगळ तिथून हलवून शाळेच्या कुंपणाला टेकवून ठेवले होते. ते आधी नेमके कुठे उभे होते, कुठल्या दिशेला तोंड करून होते, असं गावातल्या एका शिक्षकांनी विचारलं. माझ्याकडे त्या तिन्ही दगडांचे सुंदर फोटो होते आणि एकाही फोटोत ओढा नव्हता.

तेव्हापासून मी दगडाचा आणि त्याच्या जागेचा फोटो वेगळा समजत नाही. हा माणूस इथेच का मेला, याचं उत्तर बऱ्याचदा आजूबाजूच्या जमिनीत असतं. खिंडीची तोंडं, गुरं पाण्यावर नेण्याची वाट, नदीचा उतार. पुढचं सगळं सांगतोय ते याच हिशेबाने.

निघण्याआधी डोळा तयार करा

वीरगळ हा शब्द कन्नडमधून आला आहे. तिकडे कल्लु म्हणजे दगड, वीरगल्लु म्हणजे वीराचा दगड. साधारण रचना अशी: उभी शिळा, तिच्यावर तीन किंवा चार चौकटी, आणि त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यांत खाली मरून पडलेला वीर असतो. त्याच्यासोबत किंवा त्याच्या जागी गाई-बैलांची रांग असेल, तर गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला असं समजावं. त्यावरच्या चौकटीत लढाई: ढाल-तलवार, धनुष्य, कधी घोडा. त्याच्या वर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. सर्वांत वर तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, एवढाच त्याचा अर्थ.

क्रम पाठ झाला की झिजलेला दगडही वाचता येतो. तीन आकृत्यांचा एक गोळा दिसतो आणि मधली आकृती जरा वर उचललेली असते, ती अप्सरांची चौकट. तिच्याखालची धूसर गर्दी म्हणजे लढाई.

दोन दगड वीरगळाशी गल्लत करायला लावतात. सतीशिळेवर खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला हात असतो. त्यात बांगड्यांचा चुडा, पंजा वर, आणि इथेही चंद्र-सूर्य. ती स्त्री कोण होती हे दगड बहुधा सांगत नाही. कोरणाऱ्याने तिच्या मरणाला गौरवाची भाषा दिली आहे. फोटोखाली ओळ लिहिताना ती भाषा आपण उचलायची नाही, असं मी स्वतःपुरतं ठरवलं आहे. दुसरा दगड गधेगळ. तो स्मारक नव्हेच, ते दानपत्र आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचं शिल्प. दिलेलं दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी असते. कोकणात शिलाहार राजघराण्याच्या काळातले असे दगड बरेच सापडतात. अलिबागजवळच्या अक्षी गावचा शिलालेख याच प्रकारातला मानतात. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ धरला जातो आणि मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तोही वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेलाच होता.

सराव करायचा असेल तर सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या किकलीला जा. भैरवनाथाच्या मंदिराच्या आवारात एकाशेजारी एक इतके वीरगळ आहेत की दोन तासांत डोळा बसतो, आणि मागे चंदन-वंदन हे जोडकिल्ले. मुंबईकरांनी बोरिवलीजवळ एकसरला जावं. तिथल्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. शिलाहार आणि यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या लढाईशी त्याचा संबंध काही अभ्यासक जोडतात. आज तिथे चहूकडे इमारती उठल्या आहेत. समुद्र कुठल्या बाजूला हे मनाने ठरवून पाहावं लागतं, आणि तेच करायला हवं.

कुठे पाहायचं

जुनी वेस, चावडी, पार, तळ्याची पाळ, बारव, ओढ्याचा उतार. गावाबाहेरचं पडकं महादेवाचं देऊळ तर हमखास. देवळाच्या ओवरीच्या भिंतीत, पायरीत, कधी मोरीच्या पुलाखालीसुद्धा दगड बसवलेले मिळतात. नदीकाठी धुणं धुवायचा दगड उलटा करून पाहिला तर खाली चौकटी निघाल्याची उदाहरणं आहेत. तुम्ही मात्र उलटा करू नका. कडेने बोट फिरवलं तरी कोरीव काम हाताला कळतं.

जो गाडी चालवतो त्याने दगड शोधायचे नाहीत. हा नियम मी कधीच मोडत नाही. शोधायचं काम शेजारच्या किंवा मागच्या माणसाचं. एकटे असाल तर एसटीने जा आणि खिडकी पकडा. जुन्या राज्यमार्गांवर आणि गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवरच हा शोध जमतो. द्रुतगती मार्गावर वाहन थांबवायला मनाई आहे, आणि तिथून काही दिसतही नाही. दगड दिसला म्हणून ब्रेक मारायचा नाही. वळण संपू द्या, रुंद कड आली की सिग्नल देऊन गाडी डांबराच्या बाहेर घ्या आणि चालत मागे या. त्या दोन-तीनशे पावलांत रस्ता, उतार, पाणी, शेतं सगळं आपसूक लक्षात येतं.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्यात रान इतकं माजतं की छातीएवढा दगडही घाणेरीत लपतो, कोकणात वर शेवाळ धरतं. दिवाळीनंतर गवत बसायला लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माझा काळ. ऊनही तिरकं असतं.

पहिला फोटो दुरून

दगडाकडे धावू नका. पन्नासेक पावलं लांब थांबा आणि तिथून पहिला फोटो घ्या, ज्यात दगड लहान दिसेल आणि त्याच्याभोवतीचं सगळं येईल. देऊळ, झाड, रस्ता, डोंगराची रेघ. मग दगडाच्या पुढ्यात जा, त्याच्याकडे पाठ करून उभं राहा आणि तो जिकडे पाहतो तिकडचा फोटो काढा. हा फोटो फारसं कुणी काढत नाही. माझ्या संग्रहातले सगळ्यांत बोलके फोटो हेच आहेत. एका वीरगळासमोर नुसता माळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माळावरून गुरं ओढ्याकडे उतरताना दिसली, आणि खालच्या चौकटीतल्या गाईंची रांग आणि समोरची रांग एकाच चालीने जात होती.

यात एक धोका आहे. दगड मूळ जागी आहे की नाही हे आधी तपासा. वीरगळाचा खालचा भाग जमिनीत रोवण्यासाठी ओबडधोबड ठेवलेला असतो. तो उघडा पडला असेल, दगड भिंतीला टेकलेला असेल किंवा सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलेला असेल, तर तो हललेला आहे. उलट खालची कोरीव चौकट अर्धी मातीत गेली असेल तर बहुधा भोवतीची जमीनच चढली आहे. कमी-जास्त उंचीचे पाच-सहा दगड एका ओळीत दिसले, तर ते अलीकडे कुणीतरी गोळा करून मांडलेले असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी दगडाच्या नजरेवरून काही ठरवायचं नाही. गावात विचारायचं.

उजेड

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक फोटो इथेच फसतात.

वीरगळावरचं काम उथळ असतं, बोटाच्या पेरापेक्षाही कमी उठावाचं. समोरून ऊन पडलं की सगळी चौकट सपाट, करड्या रंगाची पाटी होते. ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासून गेलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक उठावाची सावली पडते. म्हणून “सकाळी लवकर जा” हा फोटोग्राफीतला नेहमीचा सल्ला इथे निम्म्या वेळा चुकतो. आधी होकायंत्र काढा, दगडाचं तोंड कुठे आहे ते बघा, मग वेळ ठरवा.

पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळचं ऊन थेट समोरून येतं. त्याची खरी वेळ भर दुपारच्या जरा आधीची. महाराष्ट्रात सूर्य घड्याळातल्या बाराला नव्हे, साधारण साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, त्यामुळे साडेअकरा ते सव्वाबारा हा पूर्वाभिमुख दगडाचा काळ. पश्चिमाभिमुख दगडाला एक ते पावणेदोन. जी वेळ फोटोग्राफर जेवायला बसायची म्हणून सोडतात, नेमकी तीच.

दक्षिणेकडे तोंड असेल तर हिवाळ्यात सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही चालतात, ऊन दगडाच्या एका बाजूने सरकत येतं. उत्तराभिमुख दगडाला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, तेव्हा भल्या सकाळी आणि सूर्यास्ताआधी त्याच्यावर ऊन येतं. पावसाळा वगळला तर हाती एप्रिल-मे उरतो. असे दगड मी वेगळ्या यादीत लिहून ठेवतो आणि त्यांच्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा जातो.

ऊन जुळत नसेल, दगड ओवरीत किंवा दाट झाडाखाली असेल, तर चांगली एलईडी टॉर्च कामाला येते. दिवसा ती फिकी पडते, म्हणून दिवेलागणीपर्यंत थांबा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पिशवीवर घट्ट ठेवा, आयएसओ १०० किंवा २००, दोन सेकंदांचा टायमर. टॉर्च दगडापासून दोन-तीन हात लांब, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि चार फोटो घ्या: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. कॅमेरा हलवायचा नाही, फक्त टॉर्च हलवायची. दिवसा जी अक्षरं कुणाला दिसली नव्हती ती चारांतल्या एखाद्या फोटोत उठून येतात. माझ्या बाबतीत हे तीनदा झालं आहे. तिन्ही वेळा लेख एक-दोन ओळींचा होता, चौकटींच्या मधल्या पट्टीवर, जिथे आपण नक्षी समजून पाहतच नाही. तेव्हा त्या पट्ट्या मुद्दाम तपासा.

मोबाईलवाल्यांसाठी एक सूचना. एचडीआर बंद करा. ते सावल्या उजळवतं, आणि इथे सावली हेच तर चित्र आहे.

समोरचा फोटो

मोबाईलची मुख्य लेन्स वाइड असते, जवळ गेलं की दगडाचं पोट फुगतं आणि माथा अरुंद होतो. चार पावलं मागे या आणि दुप्पट झूम वापरा. कॅमेऱ्यावर ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास. कॅमेरा दगडाच्या निम्म्या उंचीवर आणि दगडाला समांतर धरा. छातीएवढ्या दगडासाठी याचा अर्थ गुडघे टेकणं.

शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो घ्या. शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी पुरते, फक्त ती दगडाला चिकटवू नका. मग प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो, खालून वर या क्रमाने, म्हणजे नंतर फाइलींचा क्रमच गोष्ट सांगतो. शेवटी दोन्ही बाजू आणि पाठ. पाठीला कुणी बघत नाही, पण तिथेही कधी कोरीव काम सापडतं.

दगडावर तेल असेल तर चकाकी येते. सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी फिरती काच) समोरून उभं राहून फिरवला तर काही फरक पडत नाही. जरा तिरकं उभं राहून फिरवा, चकाकी बरीच उतरते.

हात लावण्याबद्दल

दगडावर खडू, पीठ, हळद काही घासायचं नाही. अक्षरं दिसावीत म्हणून लोक खडू फासतात आणि तो छिद्रांत बसतो. तारेच्या ब्रशने शेवाळ काढणं तर दगडाची त्वचा सोलण्यासारखं आहे. तिरका उजेड या सगळ्यापेक्षा जास्त दाखवतो. शाई-कागदाचा ठसा घेणं जाणकारांवर सोडा.

शेंदूर खरवडायचा नाही. तो तुम्हाला अडथळा वाटेल, मलाही पूर्वी वाटायचा. पण त्या शेंदरामुळेच तो दगड गावात टिकला, पुलाच्या भरावात गेला नाही. एका गावी मी म्हातारबुवांना विचारलं, “आबा, हा दगड कशाचा?” ते म्हणाले, “आमचा वीर हाय त्यो. लगीन असलं की आधी ह्याला नारळ.” वीर कोण, कधीचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण कोरलेल्या दगडाचा मूळ हेतू त्या घरात चालूच होता. फोटोच्या नोंदीत मी यादवकाळ वगैरे लिहिलं, आणि त्याखाली आबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

म्हणून कॅमेरा काढण्याआधी बोला. देवाच्या जागी चपला काढा. “फोटो काढला तर चालेल का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा चहा येतो आणि पलीकडच्या शिवारातल्या आणखी दोन दगडांची खबरही मिळते. खजिना शोधायला आलेत असा संशय मात्र येऊ शकतो, कारण तशी माणसं खरोखर येतात आणि वीरगळाखाली खणून जातात. आधी काढलेले फोटो दाखवा. उद्देश कळतो.

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं शिल्प पुरावस्तू ठरतं. ते उचलून घराच्या अंगणात ठेवणं म्हणजे त्याचं रक्षण नव्हे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा.

नोंद, त्याच दिवशी

रात्री मुक्कामी पोहोचल्यावर लिहून काढायचं. गाव, तालुका, जिल्हा, दगडाचं तोंड कुठे, उंची-रुंदी, किती चौकटी, प्रत्येकीत काय, मूळ जागी की हलवलेला, गावात त्याला काय म्हणतात, पाणी किती लांब, जुनी वाट कुठून जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलशी जुळवलेलं असेल तर मोबाईलवर लोकेशन चालू ठेवून काढलेल्या एका फोटोवरून बाकी सगळ्यांचं ठिकाण लागतं. अंदाज आणि पाहिलेलं वेगळ्या शाईने लिहा. “लढाई नदीच्या उतारावर झाली असावी” हा माझा अंदाज, “दगडापासून नदी दीडशे पावलं” हे पाहिलेलं.

नेमकं ठिकाण सगळ्यांसमोर टाकू नका. गावाच्या मध्यातला, पूजेतला दगड सुरक्षित असतो. रानात एकटा पडलेला दगड रातोरात जाऊ शकतो. अशा दगडाचं मी फक्त तालुक्याचं नाव देतो. पूर्ण नोंद ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला पाठवतो.

जी स्मारकं अजून ओली आहेत

वाटेवर नव्या काळातलीही स्मारकं भेटतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गावोगाव उभी राहिलेली हुतात्मा स्मारकं आहेत. उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३०च्या जंगल सत्याग्रहात गोळीबारात मेलेल्यांची आठवण आहे. तिथेही आधी पाठ फिरवून जंगल कुठे होतं ते पाहा, मग नावांच्या पाटीचा फोटो घ्या. गडचिरोलीत माडिया गोंड गावांजवळ मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड रस्त्यावरून दिसतात. ते चालू परंपरेतले आहेत, एखाद्या घरातल्या माणसाचे आहेत. गावाने होकार दिल्याखेरीज कॅमेरा पिशवीतच ठेवा.

आणि घाटातल्या वळणावरचा तो छोटा चौथरा, तसबीर, वाळलेला हार. अपघातात गेलेला कुणाचा तरी मुलगा. इथे मी जवळचा फोटो काढत नाही. नाव आणि चेहरा येणार नाही इतक्या लांबून, वळणासकट एक फोटो घेतो, किंवा तोही नाही.

परतण्याआधी एक काम उरतं. दगडाचा सगळ्यांत चांगला फोटो छापून पुढच्या फेरीत त्या गावाला द्या, मागे तारीख आणि जागा लिहून. शाळेच्या कुंपणाला टेकलेल्या त्या तीन वीरगळांचे फोटो मीही दिले. शिक्षकांनी ते फळ्याशेजारी लावले. मग आम्ही दोघं ओढ्याच्या उतारावर गेलो. एका फोटोच्या कोपऱ्यात बाभळीचं वाकडं खोड अर्धवट आलं होतं. ते झाड अजून उभं होतं. त्याच्यापासून पावलं मोजून आम्ही निदान एका दगडाची जागा ठरवली आणि तिथे खुणेचा धोंडा ठेवला.